खरं रडणारा माणूस

नाना, म्हणजे आमचे वडील, नव्वद सालच्या वैशाखात गेले आणि पुढची सात वर्षं त्यांना पितृपंधरवड्यातल्या एकाच दिवशी दोन ठिकाणी जेवायला जावं लागलं. एक पान दिंडोरीपलीकडे गावाला, थोरल्याच्या घरी. दुसरं पंचवटीत, माझ्या गच्चीवर. दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर बापाची सोय कोण बघतो? मेलेल्या माणसाने एवढी पायपीट कशी करावी, असं माझी बायको सुमन दरवर्षी वडे तळताना विचारायची. मी दरवर्षी तिला गप्प बस म्हणायचो.

भांडणाचं कारण सांगून टाकतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नाना दुपारी बाराला गेले. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात होतो. निरोप फाटकावर आला दोनला, माझ्यापर्यंत पोचला साडेतीनला, आणि मी गावच्या मसणवट्यात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. चिता अर्धी जळून झाली होती. बापाचं तोंड मला दिसलं नाही. कोंडाजी, माझा थोरला भाऊ, म्हणाला की उन्हाचे दिवस, मढं ठेवता येत नाही, गावातली म्हातारी माणसं थांबायला तयार नव्हती. मला त्यातलं काहीही ऐकायचं नव्हतं. साऱ्या गावादेखत मी त्याला म्हणालो, "माझ्यासाठी तुला दोन तास थांबता आलं नाही. आता तू मेलास तरी मी तुझ्या मढ्याला येणार नाही."

रागीट माणसाचं हेच वाईट असतं, नको तेव्हा त्याला नेमकी वाक्यं सुचतात. दहाव्याला आम्ही रामकुंडावर एकाच न्हाव्यापुढे डोकी केली, पण एकमेकांकडे पाठ करून. तिथून बोलणं बंद.

कारखान्यात मी तपासनीस होतो. दुसऱ्याने विमानाच्या पत्र्यात ठोकलेली रिव्हेट नीट बसली की नाही, ते बघायचं. एकेक बघायची, बोट फिरवून बघायची. 'बसली असेल' हा शब्द आमच्या खात्यात चालत नव्हता. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे मी केलेला गाढवपणा तुमच्या नीट लक्षात यावा.

सत्त्याण्णव साल. नानांची तिथी होती म्हणून मी रजा टाकली होती. पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून कावळ्याची वाट बघत उभा होतो. कावळा पाण्याच्या टाकीवर बसून खीर, वडे, भोपळ्याची भाजी सगळं बघत होता आणि खाली काही उतरत नव्हता. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तेवढ्यात खालून सुमनने हाक मारली. फोन आला होता.

पलीकडे यादव होता, आमच्या वहिनीचा भाऊ. दिंडोरीच्या एसटीडी बूथवरून बोलत होता.

"धोंडीभाऊ, दाजी गेले."

"कोण दाजी?"

"आपले कोंडाजी दाजी."

"कधी?"

"आत्ताच. दुपारी."

"कशानं?"

यादव थांबला. मग म्हणाला, "कशानं म्हंजे… गेले." आणि फोन ठेवून दिला.

साधी गोष्ट होती. माणूस कशानं गेला हे सांगता येत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी ढिलं आहे. ही रिव्हेट मी कारखान्यात पास केली नसती. पण फोन हातात धरून माझ्या डोक्यात एकच आलं. ते लोक त्यालाही लगेच जाळतील. आता दीड वाजलाय, चार वाजेपर्यंत सगळं उरकतील, आणि त्याचंही तोंड मला दिसणार नाही.

सुमनने काही न विचारता गॅस बंद केला. कढईत दोन वडे तसेच राहिले. पदराला हात पुसत ती म्हणाली, "चला."

"मी येणार नाही म्हणालो होतो."

"म्हणाला होतात. म्हणून त्यांनी मरायचं थांबायचं का? चपला घाला."

निमाणी स्टँडवरून दिंडोरीची गाडी मिळाली. खिडकीशी बसून मी नुसता हिशेब करत होतो. म्हसरूळ इतक्या वाजता, ढकांबे इतक्या वाजता, दिंडोरी, मग पुढे काळी-पिवळी जीप, मग पायी. गाडी अशी रमतगमत चालली होती की उतरून ढकलावंसं वाटत होतं. रडू वगैरे काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर राग येत होता. मेला तो मेला, तोही नानांच्या तिथीला, आणि पुन्हा भरदुपारी. ह्या माणसाला कधी कुठली गोष्ट माझ्या सोयीने करायला जमली नाही.

म्हसरूळ गेलं आणि कंडक्टर आला. मी म्हणालो, "दिंडोरी, दोन." त्याने सुमनचे डोळे बघितले आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, काका?"

सात वर्षं मी कोंडाजीचं नाव घेत नव्हतो. बोलण्यात आलाच तर 'गावाकडचा' म्हणायचो. तेच म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून शब्द आला, "माझा दादा."

मग मात्र माझं काही चाललं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कारखान्यात पोरं मला बघून बिड्या विझवायची, आणि मी भर एसटीत हुंदके देत होतो. नुसते डोळे पुसले असं नाही. शाळेतलं पोर मार खाऊन रडतं तसा, उचक्या देत, नाक गळत. सुमनने पदर पुढे केला, मी तो भिजवला. पुढच्या बाकावरची एक बाई बागेत कामाला चाललेली असावी, तिने पाण्याची बाटली मागे दिली. शेजारच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कंडक्टर तिकीट न फाडताच पुढे गेला, तो ढकांबे आल्यावर परत आला.

काय आठवत होतं म्हणाल, तर द्राक्षांची पेटी. दर फेब्रुवारीत कोणीतरी सकाळी आमच्या दारात एक पेटी ठेवून जायचं. नाव नाही, चिठ्ठी नाही. कोणाच्या बागेतली ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे ठेवणाऱ्यालाही कळत होतं. मी ती सगळी शेजारीपाजारी वाटून टाकायचो. सात पेट्या वाटल्या, एक मणी तोंडात टाकला नाही. रामशेजचा किल्ला खिडकीतून मागे जात होता आणि मला ते मणी आठवत होते. रागावून बसायलासुद्धा समोरचा माणूस जिवंत लागतो, हे मला त्या गाडीत कळलं. तो आहे, आठ-दहा कोसांवर आहे, कधीही गाठता येईल, म्हणून तर मी एवढी वर्षं निवांत रुसून बसलो होतो. रुसव्याला मुदत असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा साडेतीन वाजत होते. कोंडाजीच्या घरापुढे चिटपाखरू नव्हतं. बांबू नाहीत, मडकं नाही, माणसं नाहीत, बायकांचा आवाज नाही. दार अर्धं लोटलेलं. उरकलं होतं म्हणजे. ह्यांनी पुन्हा मला सोडून उरकलं होतं.

सगुणा वहिनी दारात आली. मला बघून ती दचकली आणि दाराला धरून उभी राहिली. मी अंगणातूनच ओरडलो, "पुन्हा थांबला नाहीत! माणसाला तोंड बघायचं असतं की नाही? तुमच्या घरात मेलेल्याला ठेवायला दोन तास पण जागा नाही?"

"भाऊजी…" वहिनी म्हणाली.

"भाऊजी काय, भाऊजी! किती वाजता नेलं त्याला?"

तेवढ्यात आतल्या पडवीतून, तोंडात घास असताना येतो तसा आवाज आला, "सगुणा, कोण बोंबलतंय गं?"

आणि कोंडाजी बाहेर आला. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात अर्धा वडा.

मी ओट्यावर मटकन बसलो. आधी मला हसू आलं, मग उचकी लागली. सुमन 'अगं बाई' म्हणत भिंतीला टेकली. कोंडाजी वड्याकडे बघत उभा होता, चोरून खाताना सापडल्यासारखा.

"मेला नाहीस?" मी विचारलं.

"नाय रे," तो म्हणाला. अगदी माफी मागितल्यासारखा.

सात वर्षांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढं.

तो जिवंत आहे ह्याचा आनंद मला झाला, इतका झाला की त्याच्या त्या अर्ध्या वड्याचीही पापी घ्यावी. पण माझा आनंद सरळ कधी बाहेर येत नाही, रागाच्या दाराने येतो. मी उठलो आणि यादवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग वहिनीने मला हात जोडून खाली बसवलं आणि काय झालं ते सांगितलं.

"सकाळी नानांचं पान ठेवायला हे मागच्या भिंतीपाशी गेले. टोपी काढून हात जोडले. तर कावळा आला, पानाकडं बघितलंबी नाय, सरळ ह्यांच्या टकलावर बसला. बसला तो बसला, चोच मारली. रगत आलं, भाऊजी."

कोंडाजीने पंचा वर करून दाखवला. टकलावर हळद भरलेली होती.

"आता तुम्हाला ठावं हाय ना," वहिनी म्हणाली, "कावळा डोक्यावर बसला म्हंजे सहा महिने. मग माणूस राहत नाय."

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरचा उपायही. मीही लहानपणी ऐकला होता, कारखान्यात लागल्यावर विसरलो होतो. माणूस गेला अशी खोटी बातमी रक्ताच्या नात्यात पाठवायची. ती खरी समजून कोणी खरोखर रडलं, डोळ्यांतून पाणी पडलं, की मरणाला वाटतं आपलं काम झालं. ते माघारी जातं. पण रडणं खरं पाहिजे. कळून सवरून रडलं तर चालत नाही.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "येणार नाय म्हणून तुम्ही गावासमोर बोलला होता. म्हटलं, घरी बसूनच काय रडाल ते रडाल, आन् तासाभरानं यादव फोन करून खरं सांगंल. तो बिचारा अजून बूथवर बसला असंल. तुमच्याकडं आता उचलायला कोण हाय?"

मग ती पुढे सरकली. माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. रडले का?"

आता बघा. ह्या एका प्रश्नाचं उत्तर दोन अक्षरांत देता आलं असतं. पण समोर कोंडाजी उभा होता. वडा खाली ठेवून, नजर जमिनीवर लावून, पण कान सगळे माझ्याकडे. सात वर्षं ताठ मानेने काढलेली. ह्या माणसासाठी मी भर गाडीत नाक गाळलं, हे त्याच्या तोंडावर सांगायचं? आणि तेही एका कावळ्यापायी?

"मी?" मी म्हणालो. "मी कशाला रडू?"

सुमनने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जळून गेला असता. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि व्याख्यान सुरू केलं. कावळा हा पक्षी आहे. त्याला वड्याचा वास येतो. भिंतीवर जागा नसेल तर तो डोक्यावर बसतो. टक्कल त्याला दगड वाटला असेल. वगैरे. मी बोलत होतो आणि वहिनीचा चेहरा उतरत चालला होता. ती माझं काही ऐकतच नव्हती. ती हळूच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मग झालं. मग काय उपेग नाय."

त्या बाईचा आवाज ऐकून माझं व्याख्यान बंद पडलं. मला कावळा काही करणार नाही हे माहीत होतं. पण तिला ते माहीत नव्हतं. आता ती सहा महिने रोज रात्री नवऱ्याच्या नाकाशी हात धरून बघणार होती.

"यादवला सांगते," ती स्वतःशीच बोलू लागली. "वणीच्या मावशीला फोन लावू दे. न्हाय तर निफाडला आत्याच्या पोराला…"

"नको," कोंडाजी म्हणाला. "कोणाला नको लावू. ती मावशी ऐकून म्हणंल, बरं झालं, आता बागंचं काय करणार. तो आत्याचा पोरगा म्हणंल, दहावा कधी हाय ते कळवा."

"मग कोण रडंल हो?"

"म्हणून तर सकाळी सांगितलं तुला, धोंडूलाच कळव." तो माझ्याकडे बघत नव्हता. पंचाचं टोक बोटाला गुंडाळत होता. "सगळी नाती डोळ्यांपुढं आणली मी. माणसं लय हायत. येतील सगळी, बसतील, तंबाखू मळतील. पण खरं रडणारा माणूस मला एकच दिसला. आता तो नाय रडला तर नाय रडला. त्याला काय करायचं? माझंच चुकलं असंल."

मी तुम्हाला आधीच सांगितलं, मी रागीट आहे. हट्टी आहे. पण दगड नाही.

"रडलो," मी म्हणालो.

वहिनीने मान वर केली.

"म्हसरूळपासून ढकांब्यापर्यंत," मी म्हणालो. "आणि पुढे जीपमध्येही थोडा. हिला विचारा."

"पदर पिळून बघा माझा," सुमन म्हणाली. "अजून ओला आहे. सगळी गाडी बघत होती, जाऊबाई. कंडक्टरने ढकांब्यापर्यंत तिकीटसुद्धा फाडलं नाही."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग उघडलं, मग हसली, मग पुन्हा झाकलं. उठून तिने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि पुढच्याच क्षणाला सुमनला घेऊन आत चुलीपाशी गेली. नानांच्या तिथीचं जेवण अजून कोणाच्याच पोटात गेलं नव्हतं. कोंडाजीने खाल्लेला तो अर्धा वडा सोडला तर.

आम्ही दोघेच ओट्यावर उरलो. तो माझ्याशेजारी येऊन बसला, मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा ठेवून.

"किती रडलास?" त्याने विचारलं.

"सांगितलं की."

"तसं नाय. कसा रडलास, ते सांग. पयल्यापासून."

मग मी सांगितलं. कंडक्टरने काय विचारलं, मी काय म्हणालो. बाटली देणारी बाई. टोपी काढणारा म्हातारा. द्राक्षांच्या पेट्याही सांगितल्या, आणि त्या वाटून टाकल्या तेही. तो मध्ये मध्ये थांबवून विचारायचा, "म्हातारा कुठला होता?" "बाई काय म्हणाली?" घरातलं लग्न कसं झालं ते लांब राहिलेला माणूस विचारून घेतो, तसा तो स्वतःचं मरण विचारून घेत होता. त्याच्या तोंडावर असं काही समाधान होतं की मी आठवून आठवून सांगत गेलो. दोन-तीन हुंदके पदरचेही घातले.

सगळं सांगून झाल्यावर त्याने डोक्यावरचा पंचा नीट केला.

"खरंच मेलो असतो तर हे मला कोणी सांगितलं असतं?" तो म्हणाला. "तू असाच रडला असतास, आन् मला काय पत्ताच नसता. मी आपला तिकडं, धोंडू आला नाय, धोंडू आला नाय, करत बसलो असतो."

इतरांना लागेल असं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, पण असल्या ठिकाणी माझी जीभ चालत नाही. मी मधल्या जागेत सरकून बसलो, एवढंच केलं. त्याच्या खांद्याला माझा खांदा लागला. खांदा हाडकुळा झाला होता. तो साठीचा झाला हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कळलं तेव्हा.

"नाना गेले त्या दिवशी," तो म्हणाला, "मी रडलो नव्हतो."

"काय?"

"एक टिपूस नाय. बाया रडल्या, शेजारी रडले. लोक म्हणाले, कोंडाजी घट्ट काळजाचा. मी घट्ट नव्हतो रे. मी म्हटलं, धोंडू येतोय. तो आला की दोघं मिळून रडू. एकट्यानं कसं रडायचं बापासाठी? बाप दोघांचा होता. म्हाताऱ्यांनी थांबू दिलं नाय, मी अग्नी दिला, तरी म्हटलं, येईल आता. मग तू आलास."

मग मी आलो होतो, आणि साऱ्या गावादेखत जे बोललो होतो ते बोललो होतो.

"मग ते राहून गेलं," कोंडाजी म्हणाला. "पुढं कधी आलंच नाय. दर तिथीला वाटायचं, येईल. पान ठेवायचो आन् उभा राहायचो. नाय आलं."

त्याने पंचाचं टोक डोळ्यांना लावलं. आधी मला वाटलं, टकलावरची हळद पुसतोय. मग त्याचा खांदा हलायला लागला. साठीतला माणूस, सात वर्षं तुंबलेलं पाणी. तो रडला आणि त्याच्याबरोबर मीही रडलो. एसटीत रडून माझे डोळे कोरडे झालेत असं मला वाटलं होतं, ते चुकीचं होतं. आम्ही दोघे ओट्यावर एकमेकांना धरून मोठ्याने, लाज सोडून रडत होतो, आणि मला आठवतं, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आवाज ऐकून वहिनी हातात पळी घेऊन धावत बाहेर आली. तिचा जीव पुन्हा वर गेला होता.

"अहो, पुरे की आता!" ती म्हणाली. "उपाय झाला ना? जास्त रडलात तर उलटायचं एखांदं! आता कोणासाठी रडताय?"

"नानासाठी," कोंडाजी म्हणाला.

वहिनीने पळी भिंतीला टेकवून ठेवली, आतून सुमनला हाक मारली, आणि आमच्याशेजारी येऊन बसली.